छळाच्या वेळीं ख्रिस्ती मनुष्याचें धैर्य

गेल्या पावसाळ्यांत घाटनांदूर येथें एका घरीं संध्याकाळची उपासना झाली. त्या दिवशींचा विषय स्तेफनाचें मरण हा होता. आम्हीं आपल्या परीनें विवेचन केलें, आणि शेवटीं म्हटलें कीं असेंच धैर्य आपणांमध्येंहि असावें. सर्व मंडळी 'आमेन' म्हणाली. परंतु दाराजवळ कांबळें पांघरून बसलेली एक म्हातारी कांहीं बोलली नाहीं. प्रार्थनेपूर्वीं तिनें हळूच विचारलें, "पाळकसायब, मार खावा का मार चुकवावा? कोन्तं देवाला आवडतं? तुम्ही सांजच्याला सांगता अन् सकाळी निघून जाता. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. उशीर झाला असें म्हणून आम्हीं सभा संपविली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं घाटनांदूरच्या स्टेशनावर परळीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही बांकावर बसलों होतों. शेजारच्या एका सभ्य गृहस्थानें गांव विचारलें, नांव विचारलें, मग धंदा विचारला. आमच्या पिशवींत पवित्र शास्त्र होतें. आम्हीं म्हटलें, "शिकवितों." हें अगदीं खोटें नव्हतें, कारण शास्त्र शिकविणें हेंच आमचें काम आहे. पण आम्हीं तें ज्या हेतूनें म्हटलें तो हेतु खरा नव्हता. तेथें कोणी दगड उगारला नव्हता, कोणी शिवी दिली नव्हती. पेत्रानें नाकारलें तेव्हां त्याच्याभोंवतीं प्रमुख याजकाचे चाकर तरी होते. आमच्याभोंवतीं रिकामा फलाट होता. आदल्या रात्रीं दुसऱ्यांस स्तेफन होण्यास सांगणारे आम्ही, सकाळीं आपला धंदा सांगण्यास भ्यालों. तेव्हांपासून त्या म्हातारीचा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. या लेखांत त्याचें उत्तर शोधण्याचा यत्न आम्ही करीत आहों. आणि उपदेश करणाऱ्याच्या आसनावरून नव्हे, तर त्या बांकावरून करीत आहों, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पहिली गोष्ट ही कीं, प्रत्येक दुःख हा छळ नव्हे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत प्रेषितानें हा भेद स्पष्ट केला आहे. चोरी करून, किंवा दुसऱ्याच्या कामांत ढवळाढवळ करून जो दुःख भोगतो त्यास मान नाहीं. ख्रिस्ती म्हणून जो भोगतो त्यानें मात्र लाजूं नये. आपल्या खेड्यांत हा भेद पुष्कळदां विसरला जातो. बांधाची कुरबूर असते, उसने घेतलेले पैसे परत केलेले नसतात, दारू पिऊन कोणी भांडण काढलेलें असतें. आणि मार बसला म्हणजे तो मनुष्य म्हणतो, 'प्रभूच्या नांवासाठीं मीं मार खाल्ला.' अशानें खरा छळ सोसणाऱ्यांची साक्षहि कमी होते. म्हणून संकट आलें असतां पहिला प्रश्न आपण आपणांसच विचारावा: हें कोणत्या कारणास्तव आलें? कारण आपल्या हातांत असेल तर क्षमा मागावी व देणें फेडावें. तें केल्यावरहि जें उरतें, तो छळ होय.

आणि तो उरतो, हें आम्हांस ठाऊक आहे. पाण्याची वाट बंद होते, मजुरीस बोलावणें येत नाहीं, दुकानदार उधार देत नाहीं, मयताला खांदा देण्यास कोणी येत नाहीं, मुलीची सोयरीक मोडते. तलवारीपेक्षां हें हलकें दिसतें. पण तलवार एकदां लागते, आणि वाळीत टाकलेल्या मनुष्यास रोज सकाळीं घागर घेऊन निघावें लागतें.

दुसरी गोष्ट. आपल्या मराठी मंडळीच्या पूर्वजांस काय सोसावें लागलें तें पाहूं. मुंबईंत १८३९ सालीं धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोघां पारशी तरुणांनीं डॉक्टर जॉन विल्सन यांजकडून बाप्तिस्मा घेतला, तेव्हां शहरांत मोठी खळबळ उडाली व प्रकरण न्यायालयांत गेलें. धनजीभाई लहान वयाचा होता, तरी न्यायालयानें त्यास स्वतःच्या इच्छेप्रमाणें जाऊं दिलें. चार वर्षांनीं, १८४३ सालीं, नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांकडे राहूं लागला होता. तो सुमारें बारा वर्षांचा असल्यामुळें न्यायालयानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पण घरीं नेलें तरी अडचण संपली नाहीं, कारण मिशनऱ्यांच्या घरीं जेवलेल्या मुलास जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर ब्राह्मणसमाजांत कडाक्याचा वाद माजला. 'दर्पण' पत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर (१८१२-१८४६) यांनीं त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें असा पक्ष घेतला, आणि त्याबद्दल कर्मठांचा रोष त्यांसहि सोसावा लागला.

या प्रकरणाकडे आपण बहुधा एकाच बाजूनें पाहतों. पण क्षणभर त्या बापाकडे पाहा. एक मुलगा गेला. दुसरा हुकुमानें परत मिळाला, पण त्यास शेजारीं बसवून जेवावयाची सोय नाहीं. बाळशास्त्री तर ख्रिस्ती नव्हते. तरी एका पोरावर दया केल्याबद्दल त्यांनीं लोकनिंदा पत्करली. तेव्हां धैर्य ही कांहीं आपल्याच मंडळीची मिरास नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली व पुढील वर्षीं त्यांस पत्नी सावित्रीबाईसह बापाचें घर सोडावें लागलें. सत्यासाठीं जो कोणी सोसतो त्याचा सन्मान करण्यास आपण शिकलों नाहीं, तर आपलें स्वतःचें सोसणें हा एक प्रकारचा गर्व होऊन बसेल.

नारायण शेषाद्रि यांची पुढील हकीकत आपल्या मराठवाड्याशीं जोडलेली आहे. ते पुढें पाळक होऊन निजामाच्या मुलखांत जालन्यास आले. त्यांच्या हातून जे लोक प्रभूकडे आले ते बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतील होते. दिवाण सर सालारजंग यांच्या सरकाराकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. ज्या मनुष्यास स्वतःच्या जातीनें बाहेर घातलें, त्यानें जातीनें बाहेर ठेवलेल्यांसाठीं घरें बांधलीं. आणि त्याला जमीन मिळाली ती एका मुसलमान दिवाणाच्या हातून. छळाचें फळ मनांत कडू न होतां दुसऱ्यासाठीं सावली झालें, याहून चांगला दाखला आपल्या प्रांतांत आम्हांस ठाऊक नाहीं.

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनीं १८५४ सालीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांची पत्नी त्यांजबरोबर आली नाहीं. तीन वर्षांनीं त्यांचें 'यमुनापर्यटन' हें पुस्तक निघालें. विधवांच्या दुःखाची ती कहाणी मराठींतील अगदीं आरंभींच्या कादंबऱ्यांत गणली जाते. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तेव्हां लक्ष्मीबाईंस झालेलें दुःख त्यांनीं स्वतः आपल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत सांगितलें आहे. पतिपत्नींची कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें लक्ष्मीबाई आल्या त्या कोणाच्या बळजबरीनें नव्हे, तर आपल्या मनानें, आपल्या वेळीं. आणि जातीचा विटाळ त्यांच्या मनांतून गेला तोहि त्यांच्या स्वतःच्या विचारानें गेला.

या सर्व हकीकतींतून एक गोष्ट दिसते. छळाचा सर्वांत तीक्ष्ण भाग बहुधा परक्याकडून येत नाहीं. तो आईच्या रडण्यांतून, बापाच्या मौनांतून, पत्नीच्या बंद दारांतून येतो. म्हणून ख्रिस्ती धैर्य म्हणजे काळीज दगडाचें करणें नव्हे. ज्याला आईच्या रडण्याचें कांहींच वाटत नाहीं तो धीट नव्हे, तो निष्ठुर आहे. गेथशेमानेच्या बागेंत आपल्या प्रभूचा जीव अतिशय व्याकुळ झाला, आणि हा प्याला टळावा अशी त्यानें प्रार्थना केली. तेव्हां भीति वाटणें हें पाप नाहीं. भीतीला आपला धनी करणें, तिच्या सांगण्याप्रमाणें उठणें व बसणें, येथें पाप सुरू होतें.

आतां म्हातारीच्या प्रश्नाकडे येऊं. मार खावा कीं चुकवावा? शास्त्रांत दोन्ही गोष्टी आहेत. एका नगरांत छळ झाला तर दुसऱ्या नगरांत पळून जा, असें प्रभूनेंच शिष्यांस सांगितलें (मत्तय १०). नासरेथकरांनीं त्याला कड्यावरून लोटावयास नेलें तेव्हां तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४). पौलाला दिमिष्कांत पाटींत बसवून रात्रीं तटावरून खालीं सोडलें (प्रेषितांचीं कृत्यें ९). पण तोच पौल फिलिप्पै येथें चोरासारखें गुपचूप निघून जाण्यास कबूल झाला नाहीं. चौकशीवांचून आम्हांस मारलें, तर अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढावें, असें तो म्हणाला (अध्याय १६). आणि पुढें त्यानें कैसराकडे न्याय मागितला (अध्याय २५). प्रमुख याजकापुढें प्रभूला चपराक बसली तेव्हां त्यानें उलट हात उगारला नाहीं. पण उगीच कां मारतोस, हें मात्र विचारलें (योहान १८).

यावरून नियम असा दिसतो. शरीर वांचवावयास पळून जाणें योग्य असूं शकतें. सत्य टाकून वांचणें योग्य नाहीं. न्याय मागणें योग्य आहे. सूड घेणें योग्य नाहीं. आपल्या पळण्यानें दुसरा सांपडत असेल, तर पळूं नये. आणि राहिल्यानें केवळ आपली फुशारकी वाढणार असेल, तर राहूं नये. मार शोधावयास जाणाऱ्यास प्रभूनें कोठेंहि धन्य म्हटलें नाहीं.

न्याय मागावयाचा तर कायदा ठाऊक असला पाहिजे. धर्म सोडल्यानें वारसाहक्क बुडूं नये असा कायदा इंग्रजी मुलखांत १८५० सालीं झाला. पण आपला बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलांत आली. तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंचविसाव्या कलमानें सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य व धर्म पाळण्याचा हक्क सर्वांस सारखा दिला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला; तो २०१७ सालीं अमलांत आला. हीं नांवें प्रत्येक उपदेशकानें पाठ करावींत. पाण्यावरून अडविलें तर आधीं शांतपणें बोलावें, गांवांतील चार भल्या माणसांस मध्यें घालावें, तारीख व हकीकत लिहून ठेवावी, आणि तरीहि न झालें तर तक्रार करावी. यांत विश्वासाची उणीव नाहीं. पौलानें आपलें नागरिकत्व सांगितलें तेव्हां त्याचा विश्वास कमी झाला नव्हता.

परंतु एक कठीण जागा आहे, ती टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत घेतलें. ख्रिस्ती लोकांस घेतलें नाहीं. त्यामुळें एकाच आळींत राहणारे, एकाच आजोबाचे नातू; एकास सवलत मिळाली, दुसऱ्यास त्या यादींतली मिळाली नाहीं. मग कागदावर एक धर्म व रविवारीं दुसरा, असें जिणें पुष्कळ घरांत सुरू झालें. हा छळ काठीनें होत नाहीं, अर्जाच्या एका रकान्यानें होतो.

अशा आईबापांस आम्ही काय सांगावें? स्टेशनावर ज्यानें फुकटच तोंड लपविलें, त्यानें मुलाच्या शिक्षणासाठीं नांव लपविणाऱ्या आईस दगड मारूं नये. पण खोटें तें खोटेंच, हेंहि सांगितलें पाहिजे. रोज थोडें थोडें लपविलेलें नांव शेवटीं आपलें आपणांसच आठवेनासें होतें. मुलाला शिकावयास मिळतें, पण त्याबरोबर तो हेंहि शिकतो कीं आपला देव घरांत बोलण्यापुरता आहे. हा नियम अन्यायाचा वाटत असेल तर उघडपणें, आपल्या खऱ्या नांवानें, न्याय मागावा. आपले पुष्कळ बंधु अनेक वर्षें न्यायालयांत व सरकारदरबारीं तो मागत आले आहेत.

परंतु एवढें सांगून मंडळी मोकळी होत नाहीं. खरें लिहिल्यामुळें ज्या मुलाची फी अडली, त्याची फी कोण भरणार? साक्ष त्यानें द्यावी आणि किंमतहि त्यानेंच द्यावी, हें कोणत्या शास्त्रांत आहे? यरुशलेमेंतील पहिली मंडळी धीट होती असें आपण वाचतों; त्याच अध्यायांत हेंहि लिहिलें आहे कीं तींत कोणी गरजवंत नव्हता (कृत्यें ४). या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं आहेत, आणि त्या उगीच तशा नाहींत. ज्याला ठाऊक असतें कीं आपली चूल विझली तर चार घरांतून विस्तव येईल, तो मनुष्य पाटलापुढें ताठ उभा राहतो. एकट्याचें धैर्य मोठें दिसतें, पण तें लवकर थकतें. म्हणून प्रत्येक खेड्याच्या मंडळीनें घरटी मूठभर जोंधळे वेगळे ठेवावेत, आणि ते अडलेल्या घरासाठींच खर्चावेत. हुतात्म्यांचीं चरित्रें ऐकून डोळे पुसणें सोपें आहे. मजुरी बुडालेल्या भावाच्या घरीं पायली पोंचविणें हें त्याहून जास्त उपयोगाचें.

येथें आमच्या उपदेशक बंधूंस एक शब्द. म्हातारीनें म्हटलें तें खरें आहे. आपण सकाळीं निघून जातों. लांडगा येतांना पाहून मोलकरी मेंढरें टाकून पळतो, असें प्रभूनें म्हटलें आहे (योहान १०). ज्या आठवड्यांत एखाद्या घरावर संकट येईल, त्या आठवड्यांत आपला मुक्काम तेथें पडला पाहिजे. आपण कांहीं करूं शकलों नाहीं तरी चालेल. त्यांच्या अंगणांत आपलें अंथरूण असावें.

शेवटली गोष्ट सर्वांत कडू आहे. ज्याला छळ सोसावयाचा आहे त्यानें छळ करणें सोडलें पाहिजे. गोमांतकांत १५६० सालीं पोर्तुगीज सरकारच्या आश्रयानें धर्मन्यायासन बसलें, तें मध्यें थोडीं वर्षें बंद राहून १८१२ सालीं कायमचें उठलें. ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्यांनींच तेथें नव्या ख्रिस्ती लोकांस व हिंदूंसहि गांजलें. आपण म्हणूं, ते रोमन मताचे होते, आपला काय संबंध? पण आपल्या मंडळ्यांत महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती अजून वेगळे बसतात कीं नाहीं? एकमेकांच्या घरीं सोयरीक करतात काय? आणि एक उदाहरण आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या मार्गानें जावें असें आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती तरुणास वाटलें व तो गेला. त्याच्या लग्नास मंडळींतला एकहि मनुष्य गेला नाहीं. त्याच्या आईशीं विहिरीवर बायका बोलेनाशा झाल्या. त्यांचें वागणें कोणासारखें होतें, तें आम्हीं सांगण्याची जरूर नाहीं. त्यांत आम्हीहि होतों. सदसद्विवेकाचें दार आंत येण्यास मोकळें व बाहेर जाण्यास बंद असूं शकत नाहीं. जे स्वातंत्र्य आपण नारायण शेषाद्रींसाठीं मागतों, तेंच त्या तरुणासहि दिलें पाहिजे. आपलें मत खरें आहे अशी आपली खात्री असेल, तर त्यास बहिष्काराची काठी कशाला हवी?

तर मग, प्रिय बंधुभगिनींनो, धैर्य कोठून येतें? आमच्या अल्प समजुतीप्रमाणें तें संकटाच्या दिवशीं एकाएकीं आकाशांतून पडत नाहीं. रोजच्या लहान खरेपणानें तें सांठत जातें. हिशेबांत खरें बोलावें. नांव विचारलें तर नांव सांगावें. शिवी आली तर ती आपल्यापाशींच संपवावी. ज्यानें छळ केला त्याचें नांव घेऊन प्रार्थना करावी. नुसतें 'आमचे शत्रु' असें म्हणूं नये, कारण ज्याचें नांव आपण देवापुढें घेतों त्याचा द्वेष फार दिवस करवत नाहीं. आणि पडलों तर उठावें. पेत्र तीनदां पडला, पण मेंढरें चारण्याचें काम प्रभूनें पुढें त्यासच सांगितलें.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हां घाटनांदूरास गेलों. म्हातारीस वरील उत्तर आमच्या मोडक्या शब्दांत सांगितलें, आणि या खेपेस दोन दिवस राहिलों. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "मग मूठ कवापासून काढायची?" त्या रविवारीं पहिली मूठ तिच्याच घरची आली.

परततांना स्टेशनावर पुन्हां कोणी विचारलें, "काय करतां?" आम्हीं म्हटलें, "ख्रिस्ती मंडळीचे पाळक आहों." त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें, आपलें गांठोडें थोडें बाजूस सरकविलें, आणि परळीची गाडी आज वेळेवर आहे काय असें विचारलें. प्रत्येक वेळीं एवढ्यावर निभावेल असें नाहीं. पण न निभावेल त्या दिवसाची तयारी अशाच दिवशीं करावी लागते. ती करण्यास प्रभु आपणां सर्वांस साहाय्य करो.